उकिरड्याची राखण

खतात पुरलेल्या माणसाजवळ कुणी बसायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. लेक्सिंग्टनच्या तबेल्यांतली ही जुनी रीत. वजन उतरवायला जॉकी लिदीच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरून घेतो. हात अंगाशी सरळ, वरून घोंगडी गच्च गुंडाळलेली, आणि मग चहूबाजूंनी लीद आणि कुजका पेंढा फावड्याने चेपून बसवायचा. ढिगाची ऊब अशी की आत अंडं ठेवलं तर उकडून निघेल. एकदा आत गेला की माणसाला आपलं आपण बाहेर येता येत नाही. नाकावरची माशीसुद्धा दुसऱ्याने हाकलावी लागते. म्हणून राखणीला वैरी चालत नाही, दारू पिणारा चालत नाही, आणि ज्याच्या बायकोकडे आपण कधी वळून बघितलं असेल तो तर मुळीच चालत नाही, असं जॉकी लोक हसत हसत सांगतात. राखणदाराला नियम एकच. ढिगातला माणूस 'काढ' म्हणाला की काढायचं, आणि तोवर त्याला सोडून कुठे जायचं नाही.

ॲबनर बिबने हेझेकाया क्रेगला राखणीला बसवलं होतं. त्याला दुसरं होतं कोण?

"काका, डाव्या अंगाला जरा चेपा. वारा लागतोय."

"उकिरड्यात वारा लागणारा तूच पहिला," हेझेकाया म्हणाला आणि फावड्याची पाठ हाणून लीद बसवली. "आता?"

"आता मेलो तरी पुन्हा पुरायला नको."

मे महिन्याची सकाळ. तबेल्यामागे, हिवाळाभर गाड्या रिकाम्या करून उभा राहिलेला तो ढीग वाफाळत होता. पलीकडे मैदानाचं पांढरं कुंपण आणि त्याच्याही पलीकडे लोकांना बसायच्या रिकाम्या बाकांच्या रांगा. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा उरणार नव्हती. आज हार्डिन कपची शर्यत.

गेली दोन वर्षं हा कप ॲबनरने जिंकला होता. दोन्ही वेळा कर्नल व्हिटलॉकच्या घोड्यांवर, आणि दोन्ही घोडे हेझेकायाने तयार केलेले. लागोपाठ तीन वर्षं हार्डिन कप कुणीच जिंकला नव्हता, ना गोऱ्याने ना काळ्याने. आज बेल्शाझरवर बसून ॲबनर जिंकला असता, तर त्याचं नाव कुणाच्या बापाला पुसता आलं नसतं. आणि पुसायला तर सगळे टपलेले होते. पूर्वी या मैदानावर जॉकी म्हटला की काळाच असायचा. गोरे घोडे विकत घ्यायचे, काळे पळवायचे. मग जॉकीची नावं वर्तमानपत्रांत येऊ लागली, पैसा दिसू लागला, आणि उत्तरेकडून गोऱ्या पोरांचे लोंढे उतरले. त्यांनी आपसात ठरवून टाकलं. काळा जॉकी दिसला की दोघांनी मिळून त्याला कुंपणाशी दाबायचं, तिसऱ्याने त्याच्या हातावर चाबूक ओढायचा. गेल्या हंगामात टोब फील्ड्स कुंपणावरून पलीकडे गेला. आता एक पाय गमावून तो स्टेशनाबाहेर लोकांचे बूट पुसत बसतो.

ॲबनर मात्र दोन्ही वर्षं त्यांच्या हाती लागला नाही. तो घोडा असा काढायचा की दाबायला येणाऱ्याला त्याची शेपटीच दिसायची. हे त्याला हेझेकायानेच शिकवलं होतं. आईबाप गेलेलं, तंबाखूच्या शेतावर पानं खुडणारं ते कारटं म्हाताऱ्याने उचलून आणलं, आपल्या ताटातलं खाऊ घातलं, आणि एक दिवस उघड्या घोड्यावर फेकलं. पोरगं पडलं नाही. हेझेकाया त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणाला होता, "देवाने आपल्याला पोर दिलं नाही, ते का, ते आज कळलं." आता त्या बायकोला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"काका, आजचा कागद पाहिलात का?" ॲबनरने ढिगातून विचारलं. कपाळावरून घामाचे ओघळ डोळ्यांत उतरत होते. हेझेकायाने ओल्या फडक्याने ते पुसले.

"कुठला कागद?"

"आता लाजताय! शर्यतीचा कागद. आमच्या टिशने सकाळीच फाटकावरून आणला. बेल्शाझर, मालक कर्नल व्हिटलॉक, ट्रेनर हेझेकाया क्रेग! अख्खं नाव, काका. टिश रडायलाच लागली. म्हणाली, इतकी वर्षं घोडे तुम्ही घडवायचे आणि छापायचं मात्र कर्नलचं नाव. शेवटी त्यालाच लाज वाटली म्हणायची."

"हं."

"काय हं? हार्डिन कपच्या कागदावर आपल्यातल्या ट्रेनरचं नाव याआधी कधी आलंय? आणि खाली जॉकी म्हणून माझं. वर तुम्ही, खाली मी. घोड्यावर मात्र उलटं." तो हसला. हसताना त्याच्या छातीवरची लीद हलली. "एकाच दिवशी दोघांचं सोनं. उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात ते खोटं नाही."

"बोलू नकोस. तोंड सुकेल."

हेझेकाया उलट्या बादलीवर बसला आणि मैदानाकडे पाहत राहिला. कागद त्याने पाहिला होता. छापण्याच्याही आधी पाहिला होता.

आदल्या दिवशी सकाळी कर्नलने त्याला खोगिरं ठेवायच्या खोलीत बोलावलं, आणि दार लावून घेतलं. कर्नल कधी दार लावत नसे.

"हेझ, उद्या बेल्शाझरवर मॅक्गिन बसेल."

मॅक्गिन म्हणजे शिकागोहून आलेला तांबड्या केसांचा पोरगा. टोबच्या हातावर चाबूक ओढणारा तोच.

"ॲबनर एकदोन पौंडच जास्त भरतोय, साहेब. सकाळी खतात बसेल. दुपारपर्यंत उतरेल."

"उतरेल, ते मलाही ठाऊक आहे. पण ती पोरं माझ्याकडे येऊन गेली. बिब घोड्यावर दिसला तर घोड्यासकट कुंपणात घालू म्हणतात. मॅक्गिनला बसवलं तर कुणी हात लावणार नाही. मला माझा घोडा हवाय, हेझ. त्या घोड्यात माझं अर्धं कुरण गुंतलंय."

"मग ॲबनरला तसं सांगून टाका, साहेब."

"आणि त्याला त्या टेनेसीवाल्याच्या कॉपर किंगवर बसू देऊ?" कर्नल हसला. "टेनेसीवाल्याकडे जॉकी नाही. तो टपून बसलाय. मी बिबला मोकळं केलं की पुढच्या घटकेला तो टेनेसीवाल्याच्या रिकिबीत पाय घालेल, आणि मला हरवेल. वजनकाटा बंद झाला की कुणाला घोडा बदलता येत नाही. तिथवर तो माझा माणूस आहे. तोवर त्याला खतात ठेव. बाकी काही करायचं नाही तुला. काढायचं नाही, एवढंच."

हेझेकाया टोपी हातात फिरवत उभा राहिला. कर्नलने खिशातून एक ओलसर कागद काढला. छापखान्यातून आलेला नमुना होता.

"हे बघ. वाचता येतं ना तुला?"

वाचता येत होतं. चाळिशी उलटल्यावर चर्चमधल्या रविवारच्या शाळेत, लहान पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसून तो अक्षरं शिकला होता. पोरं हसायची. त्याने कागद खिडकीशी नेला. त्याचं नाव तिथे होतं. मोठ्या अक्षरांत, संपूर्ण. ज्या माणसाचा जन्म दुसऱ्या माणसाच्या गुराढोरांच्या यादीत लिहिला गेला होता, त्याचं नाव.

"आज संध्याकाळपर्यंत छापखान्याला निरोप द्यायला वेळ आहे," कर्नल म्हणाला. "तुझं नाव राहू दे म्हणून सांगू, की नेहमीसारखं माझं घालायला सांगू? तूच बोल."

हेझेकाया हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. कागदाची घडी करून त्याने परत दिला. कर्नलला तेवढं पुरलं.

रात्रभर त्याने मनाची समजूत घातली होती. पोरगं जिवंत तरी राहील. टोबसारखं बूट पुसत बसण्यापेक्षा एक शर्यत गेलेली बरी. पुढच्या वर्षी आहेच की. हे सगळं खरंही होतं. फक्त त्यासाठी ॲबनरला ढिगात पुरायची काय गरज होती, या प्रश्नापाशी आलं की तो कूस बदलायचा.

ऊन वर चढलं. फाटकाकडून लोकांचा गलबला ऐकू येऊ लागला. पलीकडच्या तंबूत कुणी तरी हॅम तळत होतं, त्याचा वास ढिगाच्या वासात मिसळून इकडे येत होता.

"काका, आज जिंकलो की मी सबंध कोंबडी खाणार. एकटा. टिशलाही देणार नाही. वर पीच भरलेले तळलेले कानवले."

"खा."

"तुम्हाला एक तंगडी देईन. नाव छापून आलेल्या माणसाला उपाशी ठेवता येत नाही." मग त्याने तोंड ओलं करायला जीभ फिरवली. ओठांवर पांढरी साय धरली होती. "आता काढा. पुरे झालं. हाडांपर्यंत गेलंय."

"अजून थोडं. घाम चांगला सुटलाय, तो तोडू नये."

ॲबनरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. 'काढ' म्हटल्यावर म्हाताऱ्याने असं कधी केलं नव्हतं. पण म्हाताऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, हे तो लहानपणापासून मानत आला होता. तो हसला.

"बरं. तुम्ही म्हणता तर थोडं अजून. आज वजनकाट्यालाच माझी दया येईल."

वजनकाट्याची पहिली घंटा झाली. आता जॉकींनी काट्याकडे निघायचं.

"काका, घंटा. चला, काढा. अंग धुवायला वेळ लागेल."

हेझेकाया बादलीवर बसून राहिला.

"काका? कानात बोळे घातलेत का? घंटा झाली!"

"ऐकली."

"मग?"

ॲबनरच्या वरच्या ओठावर एक हिरवी माशी येऊन बसली. हेझेकायाच्या हातात फडकं होतं. त्याने ते हलवलं नाही. ॲबनरने ओठ वाकडा करून फुंकर मारली. माशी उडाली आणि परत तिथेच बसली. माशीकडे न पाहणाऱ्या त्या माणसाकडे तो बराच वेळ बघत राहिला, आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"कोण बसतंय त्याच्यावर?"

"मॅक्गिन."

"मॅक्गिन." त्याने ते नाव तोंडात धरून ठेवलं. "आणि मला इथे कशासाठी पुरलंत? मी कॉपर किंगवर बसू नये म्हणून?"

"ती पोरं तुला कुंपणात घालणार होती. टोबसारखं. मी तुला वाचवतोय."

"मग सकाळी का नाही सांगितलंत? मी घरी राहिलो असतो. भ्यायलो असतो तर तसं म्हटलं असतं. कुंपण माझं होतं, पायही माझे होते. तुम्ही कशाला काळजी केलीत?" मग त्याच्या लक्षात आलं. ते डोळ्यांत येताना हेझेकायाला दिसलं, आणि त्याने मान फिरवली. "कागद. अरे देवा. त्या कागदासाठी?"

"तू तरुण आहेस. तुला पुढचं वर्ष आहे. मला नाही."

"पुढचं वर्ष कुणाला आहे, काका? आपल्यातले किती जण उरलेत इथे? आजच्यानंतर मला कोण घोडा देईल?" त्याने खांदे हलवायचा प्रयत्न केला. लीद हलली नाही. पोराचा जीव गुदमरू नये पण हातही सुटू नयेत, इतकी नेमकी ती चेपलेली होती. "काढा. मी कर्नलला काही बोलणार नाही. तुमचं नावही जाणार नाही, ते छापून झालंय. आता काढा, मी धावत जातो, टेनेसीवाला अजून काट्याशी उभा असेल. काका, तुमच्या पाया पडतो. पडता येत नाही, पण पडलो असं समजा."

हेझेकाया उठला. त्याने फावडं हातात घेतलं. त्या क्षणी त्याच्या मनात काढायचं होतं की नव्हतं, हे त्याला नंतर कधी ठरवता आलं नाही. कारण तेवढ्यात तबेल्याच्या कोपऱ्यावरून एक घोडेवाला ओरडला, "हेझकाका! कर्नलसाहेब विचारतायत, सगळं ठीक आहे ना?"

"वाचवा!" ॲबनर किंचाळला. "अरे, मला—"

हेझेकायाने फावडं टाकलं, खाली वाकला आणि ओलं फडकं त्याच्या तोंडावर दाबून धरलं. दोन्ही हातांनी. हाताखाली पोराचे दात लागत होते.

"काय झालं, काका?"

"काही नाही. उन्हाने बरळतोय. साहेबांना सांग, सगळं ठीक आहे."

"आज उतरत नाही वाटतं वजन? फार खाल्लेलं दिसतंय!" घोडेवाला हसत निघून गेला.

दुसरी घंटा झाली. काटा बंद झाला. तेव्हा कुठे हेझेकायाने फडकं काढलं. ॲबनरने दोनतीनदा खोल श्वास घेतला. 

"आता काढतो," हेझेकाया म्हणाला. "आता काही अडचण नाही."

"काढा," ॲबनर म्हणाला. "काढाच."

त्याचा आवाज इतका शांत होता की म्हाताऱ्याचे हात थांबले. हा बाहेर आला तर सरळ खोगीर चढवायच्या जागी जाईल. गोऱ्यांच्या गर्दीत, उघड्या अंगाने, लिदीने माखलेला. सगळ्यांदेखत बोलेल. नाव घेईल. हेझेकायाने पुन्हा फावडं उचललं, दोन पावलं मागे नेलं आणि जमिनीवर ठेवलं.

"घोड्यावर खोगीर घालायला मला जायला हवं," तो म्हणाला. "शर्यत झाली की येतो."

"काका, मला एकट्याला सोडून जाऊ नका. काहीही करा, पण एकटं सोडू नका. ऊन बघा."

हेझेकायाने फडकं बादलीत बुडवून त्याच्या डोक्यावर टाकलं आणि तो गेला.

बेल्शाझर त्या दिवशी फुलासारखा होता. मॅक्गिनने अंगात कर्नलच्या रंगांचं, हिरव्या पट्ट्यांचं जाकीट घातलं होतं. ते ॲबनरच्या मापाने त्याच्या बायकोने, टिशने शिवलेलं होतं आणि मॅक्गिनला खांद्यांत घट्ट बसत होतं. "ए म्हाताऱ्या, पट्टा आवळ," तो म्हणाला. हेझेकायाने आवळला. रिकीब धरली. त्याला उचलून वर बसवलं.

घोडा निघाला तो कुणाला सापडलाच नाही. कुणी दाबायला गेलं नाही, कुणी चाबूक ओढला नाही. दिलेला शब्द गोऱ्या पोरांनी अगदी इमानाने पाळला. कॉपर किंगवर ऐनवेळी कुणा तबेल्यातल्या पोराला बसवलं होतं, तो शेवटून दुसरा आला. बाकांवरचे लोक टोप्या उडवत होते. काळ्यांसाठी बांधलेल्या कोपऱ्यातल्या फळ्यांवरून आरोळ्या आल्या, "क्रेग! क्रेगकाका!" कागद सगळ्यांच्या हातात होता.

त्या फळ्यांवर टिश होती. घोडे सुटायच्या आधीच तिने आपलं जाकीट परक्या अंगावर पाहिलं होतं, आणि ती उठून पळत सुटली होती. हे हेझेकायाला नंतर कळलं.

फोटोवाल्याने घोडा उभा केला. कर्नल कप घेऊन उभा राहिला. "हेझ, पुढे ये. लगाम तू धर. आज तुझाही मान आहे." फोटो जिच्यावर उमटतो ती पहिली काच बिघडली. त्याने दुसरी आणायला माणूस पाठवला. ऊन डोक्यावर होतं. हेझेकायाला ढीग आठवत होता. 'मी जातो' असं म्हणायला त्याने तोंड उघडलंही, पण मग फोटोत लगाम धरायला दुसऱ्याच कुणाला तरी उभं केलं असतं. तो थांबला. काच आली. त्याने मान ताठ केली.

तो परतला तेव्हा टिश गुडघ्यांवर बसून नखांनी लीद उपसत होती. फावडं दोन पावलांवर पडलं होतं, ते तिला दिसलंच नव्हतं. ॲबनर कमरेपर्यंत बाहेर आला होता. मान एका बाजूला कलंडलेली. कातडी उकडलेल्या बीटासारखी झाली होती, आणि घोंगडी सोडवताना ती खांद्यावरून सालीसारखी निघत होती.

"मी धरतो," हेझेकाया म्हणाला.

"हात लावलात तर दाताने तोडीन," टिश म्हणाली. तिने मान वर केली नाही. "जिंकला का हो तुमचा घोडा?"

"जिंकला."

"मग जा. लोक हाका मारत असतील."

ॲबनर मेला नाही. तापात बरेच दिवस पडून राहिला, आणि उठला तेव्हा जिना चढताना भिंत धरावी लागायची. डॉक्टरने सांगितलं, हृदयाने मार खाल्लाय. पुन्हा वजन उतरवायला बसलास तर तिथेच राहशील. वजन न उतरवणारा जॉकी म्हणजे साधा माणूस. तो डीवीस रस्त्यावर एका दुकानात पोती उचलायला लागला, आणि तीही त्याला जड जायची.

कर्नलने वर्तमानपत्राला सांगितलं, बिबचं वजन उतरलं नाही. नाइलाजाने मॅक्गिनला बसवावं लागलं. गावाने ते लगेच उचललं. न्हाव्याच्या दुकानात तर रोजचाच विषय झाला.

"तीन कप हातात होते, आणि पठ्ठ्याने तिसऱ्याच्या जागी कानवला खाल्ला!"

"कानवला नाही रे, टिशचा स्वयंपाक. अशी बायको असली की घोडा बसतो आणि माणूस सुटतो."

ॲबनरने एकदोनदा खरं सांगून पाहिलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि एकमेकांकडे पाहिलं. हेझकाका? ज्याने तुला ताटातलं खाऊ घातलं तो? आपल्यातला पहिला माणूस, ज्याचं नाव हार्डिन कपच्या कागदावर आलं, तो? साक्षीला कोण, तर तुझीच बायको? हरलेल्या माणसाने एवढं खाली जाऊ नये, ॲबनर. यानंतर त्याने सांगणं सोडून दिलं. न्हाव्याकडे जाणंही सोडलं.

जूनमध्ये एका रविवारी शायलो चर्चने हेझेकायाचा सत्कार ठेवला. तो कागद चौकटीत बसवून भिंतीवर, गुलामीतून मुक्ती मिळाली त्या वर्षाच्या तसबिरीशेजारी लावला होता. पास्टर मोझ्बी उंच आवाजात बोलले. कुठल्या बेड्यांतून कुठल्या मानापर्यंत आपण आलो, असं ते म्हणाले, आणि दर वाक्याला लोक 'आमेन' म्हणत होते. बायकांनी पंखे हलवायचे थांबवले होते. हेझेकाया पहिल्या बाकावर, नव्या कोटात बसला होता. त्याला खरंच रडू येत होतं. अंगावर पांघरूण घ्यावं तसं ते कौतुक त्याने घेतलं होतं.

"आणि आता ज्याला याच हातांनी घडवलं, त्या ॲबनरने दोन शब्द बोलावेत," पास्टर म्हणाले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पोराला थोडी इज्जत परत मिळावी, एवढंच त्यांना वाटत होतं.

ॲबनर मागच्या बाकावरून उठला. बाक धरून उभा राहिला. त्याचा कोट अंगावर लोंबत होता. आता तर तो कुठल्याही घोड्याला चालला असता.

"मी जास्त बोलत नाही," तो म्हणाला. "हेझकाकांनी मला शिकवलं. मला जे येत होतं ते सगळं त्यांचं. माझी एकच मागणी आहे. शर्यतीच्या दिवशी राखणीला तेच होते. मी का बसलो नाही, ते त्यांनी सांगावं. इथे, देवाच्या घरात. ते जे सांगतील ते मला मान्य. पुन्हा मी तोंड उघडणार नाही."

टिश दाराशी, जेवणाच्या टेबलापाशी उभी होती. तिच्या हातात चमचा होता.

हेझेकाया उठला. त्याने मागे वळून पाहिलं. लोकांचे ते सगळे चेहरे, रविवारच्या टोप्या, आपल्याकडे मान वर करून बघणारी पोरं. भिंतीवरचा कागद. आणि सगळ्यांच्या मागे बाक धरून उभा असलेला तो, ज्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं. ते पोरगं अजून वाट बघत होतं. या वेळीसुद्धा म्हातारा फावडं उचलेल, असं त्याला वाटत होतं.

"लहानपणापासून हा माझा पोर," हेझेकाया म्हणाला. त्याचा आवाज फुटला, तो त्याने सावरला. "याचं वाईट मला कसं बोलवेल? पण खोटं बोलणार नाही." तो थांबला. "जड झालं होतं पोरगं. मी खूप केलं. उतरलं नाही."

कुणी तरी हळूच हसलं. मग "आमेन" म्हटलं, आणि सगळ्यांनी म्हटलं. पास्टरने म्हाताऱ्याला मिठी मारली.

ॲबनरने मान हलवली. जणू कुणी त्याला वाट विचारली होती आणि त्याने ती सांगितली होती. त्याने बाकावरची टोपी उचलली, भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेला, आणि उन्हात निघून गेला. टिश त्याच्यामागे लगेच गेली नाही. जेवण वाढायची पाळी तिची होती.

मानाचं पहिलं ताट पाहुण्याचं. तिने कोंबडीचे मोठे तुकडे निवडले, हिरवी भाजी, मक्याची भाकरी, वर दोन चमचे रस्सा. दोन्ही हातांनी ताट नेऊन हेझेकायापुढे ठेवलं. त्याने वर पाहिलं. ती तिथेच उभी राहिली, हात पुढे बांधून.

"जेवा, काका," ती म्हणाली. "सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

सगळे खरोखरच थांबले होते. हेझेकायाने काटा उचलला. पहिला घास त्याने तोंडातच धरून ठेवला, पण लोक पाहत होते. त्याने तो गिळला. मग दुसरा घेतला. टिशने ताट रिकामं होईपर्यंत जागा सोडली नाही.